इंदूरजवळचा माळ: पाऊस, चराई आणि आग ओळखून राखायचा कसा

महू, सिमरोल, चोरल, मानपूर या बाजूला दोन-चार एकर जमीन घेतलेली मराठी घरे इंदुरात पुष्कळ आहेत. पावसाळ्यात जाऊन बघावे तर तिथे मांडीइतके गवत, आणि मे महिन्यात जावे तर करडा, तापलेला माळ. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, पडीक आहे, झाडे लावून टाका. दुसरा म्हणतो, एकदा काडी लावा, पहिल्या पावसाला गवत कसे हिरवेगार उठते बघा. तिसरा म्हणतो, तारेचे कुंपण घाला, गुरे बंद झाली की जमीन आपोआप सुधारते. तिन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, पण यांतला कुठलाही एकच डोळे मिटून पाळला तर चांगले गवत दोन-चार वर्षांत हातचे जाते.

माळ म्हणजे उजाड झालेले जंगलच, हा समज आधी बाजूला ठेवा. दबडघाव आणि शंकरनारायण या गवताच्या अभ्यासकांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ प्रदेशांची जी वर्गवारी मांडली, तिच्यात देशाचे पाच पट्टे आहेत. माळवा त्यांतल्या पवन्या-मारवेल या दोन गवतांच्या पट्ट्यात येतो आणि दख्खनचा माळही त्याच पट्ट्यातला. म्हणजे महूजवळच्या जानापाव डोंगराच्या उतारावरचे गवत आणि सासवड-जेजुरीकडचे गवत एकाच कुळातले. सरकारी दप्तरात याला चरनोई म्हणतात, गावात बीड म्हणतात. नाव कुठलेही असो, तिथे काय उगवते आणि काय टिकते ते पाऊस, गुरांचे तोंड आणि आग हे तिघे मिळून ठरवतात. त्यांतला एक बदलला की बाकी दोघांचे कामही बदलते. म्हणून आधी एक पूर्ण वर्ष जमीन नुसती बघावी आणि मगच हात घालावा.

पाऊस: आकडा कमी सांगतो, तारखा जास्त

इंदूरची वार्षिक सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. गवताला हे मानवते. चार महिन्यांत वाढायचे, बी टाकायचे, वरचा भाग वाळू द्यायचा आणि जीव बुडख्यात सांभाळून बसायचे, अशी त्याची रीत.

महेश शंकरन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली आफ्रिकेतल्या साडेआठशेहून अधिक ठिकाणांची माहिती एकत्र करून एक गोष्ट दाखवली. वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरच्या खाली पाऊस असेल तर झाडांची दाटी पाऊसच रोखतो. त्याच्या वर गेले की झाडांना मोकळे रान मिळते आणि गवत टिकायला आग, चराई यांची मदत लागते. आफ्रिकेची रेघ माळव्यावर जशीच्या तशी ओढता येत नाही, पण इशारा घेण्यासारखा आहे. आपण त्या आकड्याच्या बरेच वर आहोत. नुसते सोडून दिले तर इथला माळ बहुतेक ठिकाणी झुडपांनी भरत जातो. याला अपवाद खोल काळ्या मातीचा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि कोवळ्या रोपांची मुळे तोडते. म्हणून तिथे झाडे आपोआप विरळ राहतात.

तेव्हा पहिले काम खड्ड्याचे. मे महिन्यात जमिनीवर तीन वेगवेगळ्या ठिकाणी, वर, मध्ये आणि खाली, ६० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. वीस-तीस सेंटिमीटरवर मुरूम लागला तर ती जमीन पवन्या आणि कुसळी या गवतांची. तळापर्यंत काळी मातीच असेल तर मारवेलाची. भेगांत सरळ तार घालून खोली मोजा. तार हातभर आत जात असेल तर तिथे झाडे लावण्याचा विचार सोडा, रोपांचे पैसे वाया जातील.

दुसरे काम पावसाच्या नोंदीचे. सरळ भिंतीची, सपाट तळाची बरणी मोकळ्या जागी खांबावर बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, लिहा, ओता. बरणीतले १ मिलिमीटर म्हणजे जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर. वर्षाच्या बेरजेपेक्षा ओढ किती दिवसांची पडली ते महत्त्वाचे. जुलै हा गवताला फुटवे येण्याचा काळ. त्याच वेळी पंधरा-वीस दिवस पाऊस दडला तर मुरमाड जागेवरचे गवत आठवड्या-दीड आठवड्यात पिवळे पडते, तर काळ्या मातीतले बराच काळ तग धरते. पुढे ऑगस्टमध्ये धो धो पाऊस होऊन सरासरी भरून निघाली, तरी मुरमावरचे फुटवे कमीच राहतात. अशा वर्षी त्या भागावर गुरे नेहमीपेक्षा निम्मीच सोडावीत.

पावसाची वही उन्हाळ्यातही उपयोगी पडते. ज्या वर्षी पाऊस चांगला आणि सारखा झाला, त्या वर्षी गवत दाट, म्हणून पुढच्या मार्च-मेमध्ये आगीचा धोका मोठा. ओढीच्या वर्षानंतर जळायला फारसे काही उरलेले नसते.

आधी गवत ओळखा, मग मोजा

सप्टेंबरच्या शेवटी, गवत फुलावर असताना फिरा. मारवेलाच्या काडीवर पेरापेराला पांढऱ्या केसांचे कडे असते. ते बोटाने चाचपले की लव लागते. जवळजवळ तसेच दिसणारे एक सरपटते गवत असते, बोथ्रिओक्लोआ. त्याच्या दाण्याच्या बाहेरच्या तुसावर टाचणीने टोचल्यासारखा बारीक खळगा असतो, उन्हात धरून पाहिला तर स्पष्ट दिसतो. हा खळगा बघायची सवय लावून घ्या, कारण मारवेल कमी होऊन हे गवत वाढत असेल तर जमिनीवर चराईचा ताण आहे. पवन्याचे कणीस एकेरी आणि फिकट. कुसळीची काळपट कुसळे टोकाशी एकमेकांत पिळून त्यांचा गुंता होतो. तीन फाट्यांच्या कुसळाचे बारीक, खरखरीत गवत म्हणजे अ‍ॅरिस्टिडा. ते वाढले असेल तर माती झिजलेली आहे असे समजा.

कुसळीचे बी हातात घेऊन पाहण्यासारखे आहे. ते तळहातावर ठेवून पाण्याचा एक थेंब टाका. कुसळ हळूहळू उलगडत फिरायला लागते. वाळले की पुन्हा पीळ बसतो. अशा फिरण्यानेच बी स्वतःला मातीत गाडून घेते आणि वरून आग गेली तरी वाचते. जाळलेल्या माळावर कुसळी का बळावते, याचे एक कारण हे. हेच टोकदार बी गुरांच्या तोंडात आणि शेळ्या-मेंढ्यांच्या कातडीत रुतते.

मोजणीसाठी सुतळी, चार खुंट्या, विळा आणि स्वयंपाकघरातला काटा एवढे पुरते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट आखा. आतले गवत जमिनीपासून दोन बोटे वर कापा. सावलीत पूर्ण वाळवून वजन करा. चौरस मीटरला १०० ग्रॅम वाळले गवत म्हणजे हेक्टरी १ टन. एका हेक्टरात किमान दहा चौकटी घ्याव्यात, आणि त्या दाट जागा निवडून घेऊ नयेत. सरळ चालत जाऊन दर वीस पावलांवर जिथे पाय पडेल तिथेच चौकट टाकावी. बिघ्याचे माप जागोजागी बदलते म्हणून हिशोब हेक्टरातच ठेवा.

त्याच फेरीत शंभर पावले मोजा. दर पावलाला बुटाच्या टोकाखाली काय आले ते लिहा: चांगले बारमाही गवत, वर्षायू गवत, झुडूप, उघडी माती किंवा दगड. शंभरात उघडी माती किती, हा एकच आकडा दरवर्षी त्याच वेळी आणि त्याच रेषेवर घेतला तर बाकी कशापेक्षाही खरे सांगतो.

चराई: किती गुरे यापेक्षा कधी सोडली ते बघा

हिशोब सोपा आहे. ३०० किलोची देशी गाय दिवसाला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे साधारण साडेसात किलो वाळला चारा खाते. समजा चौकटींची सरासरी २५० ग्रॅम आली. म्हणजे हेक्टरी अडीच टन. त्यातले निम्मे जमिनीवर सोडायचेच, कारण तेच मुळांना पोसते आणि माती झाकते. उरले १२५० किलो. भागिले साडेसात म्हणजे एका गाईचे सुमारे १६६ दिवस, किंवा पाच गाईंचे ३३ दिवस. एवढ्या जमिनीवर वीस गुरे वर्षभर सोडणारा माणूस गवत नव्हे, मुळे चारत असतो.

खरी हानी मात्र जूनच्या शेवटच्या आठवड्यात होते. पहिल्या सरींनंतर हिरवे टोक दिसले की भुकेली गुरे तिकडे धावतात. ती हिरवी पाती मुळांतल्या साठ्यावर उगवलेली असतात. पाने स्वतःचे अन्न तयार करायला लागण्याआधीच ओरबाडली, पुन्हा फुटली, पुन्हा ओरबाडली, असे दोन-तीनदा झाले की बुडखा बसतो. गवताचा वाढणारा कोंब बुडाशी असल्यामुळे ते एरवी चराई सहन करते, पण रिकाम्या साठ्यावर नाही. सबब, गवत २० ते २५ सेंटिमीटर झाल्याशिवाय गुरे सोडू नयेत, ८ ते १० सेंटिमीटर उरले की काढावीत, आणि त्या तुकड्याला पुढचे ३० ते ४० दिवस शिवू नये.

यासाठी जमिनीचे चार तुकडे करा. तारच हवी असे नाही, काट्याची वई चालते. तीन तुकडे आळीपाळीने चारा. चौथा अख्खा पावसाळा बंद ठेवा, म्हणजे त्याचे बी पडेल. पुढच्या वर्षी बंद तुकडा बदला. चार वर्षांत प्रत्येक तुकड्याला एकदा पूर्ण विश्रांती मिळते.

ओल्या काळ्या मातीचे भान वेगळे ठेवावे लागते. टाच जोरात दाबा. खळग्यात पाणी झिरपले तर त्या दिवशी गुरे आत नको. खुरांनी दाबलेली काळी माती वाळली की विटेसारखी होते आणि पुढचे पाणी वरून वाहून जाते. असे दिवस जुलै-ऑगस्टमध्ये बरेच येतात, तेव्हा कापून आणलेला चारा गोठ्यात द्या किंवा मुरमाड तुकडा त्या दिवसांसाठी राखून ठेवा.

जास्त चराईने गवत कसे उतरत जाते त्याचा क्रम ठरलेला आहे. मुरमावर आधी पवन्या जातो, कुसळी येते, मग अ‍ॅरिस्टिडा आणि टिचभर वर्षायू गवते. काळ्या मातीवर मारवेल जातो, बोथ्रिओक्लोआ येते, शेवटी हरळी आणि टाकळा. एक-दोन पायऱ्यांवर असताना विश्रांतीने गवत परत येते. शेवटच्या पायरीवर बीच उरलेले नसते, तिथे पेरावे लागते.

म्हणून गुरे कायमची बंद करावीत का? नाही. न खाल्लेले, न कापलेले गवत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्वतःच्याच वाळक्या पात्यांखाली गुदमरते. बुडख्याचा मधला भाग मरतो, कडेला चार फुटवे राहतात. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ साली चराई बंद केल्यावर पास्पॅलम हे गवत पाणथळ भागात इतके माजले की पक्ष्यांना उघडे पाणी कमी पडू लागले. ती जमीन वेगळी, पाणथळ. पण शतकानुशतके चरली गेलेली जागा एका दिवसात बंद केली की काय होते, याचे ते मोठे उदाहरण आहे.

आग: काय करते, आणि तिच्याऐवजी काय करायचे

गवताच्या आगीत जमिनीच्या वर भडका असला तरी दोन-तीन सेंटिमीटर खाली मातीचे तापमान फार वाढत नाही. बुडखा वाचतो. झाडाचे लहान रोप मात्र ज्वाळेच्या उंचीतच उभे असते. ते वरून जळते, मुळातून पुन्हा फुटते, पुन्हा जळते. पळसाची गुडघाभर उंचीची खुरटी रोपे ज्या माळावर वर्षानुवर्षे तेवढीच दिसतात, ती वयाने लहान असतीलच असे नाही. एखादे वर्ष आग चुकली की ती डोक्यावर जातात, साल जाड होते आणि मग आग त्यांचे फार बिघडवत नाही.

इथे चराईचा दुवा लक्षात घ्या. आग सलग पसरायला हेक्टरी सुमारे २ टन वाळले गवत लागते. गुरांनी ते खाऊन संपवले की आग तुटते आणि झुडपे मोकळी सुटतात. अति चराईच्या माळावर बोर, घाणेरी, विलायती बाभूळ का वाढते, याचे कोडे इथे सुटते.

तरीही काडी लावू नका. राखीव आणि संरक्षित वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे, अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३० नुसार. स्वतःच्या जमिनीवरही वाऱ्याने ठिणगी शेजाऱ्याच्या उभ्या गव्हात गेली तर भरपाई कशानेच होत नाही. आणि एप्रिल-मेमधली दरवर्षीची आग गवतालाही वाईट. पवन्या घटतो, कुसळी वाढते, पहिला वळीव उघड्या मातीवर पडतो आणि माती नाल्यात जाते.

आगीचे चांगले काम, म्हणजे वाळका थर हटवणे आणि झुडपे दाबणे, विळ्याने होते. ऑक्टोबरमध्ये, बी झडायला सुरुवात झाल्यावर, ८ ते १० सेंटिमीटर खुंट ठेवून कापा आणि गवत बाहेर काढा. चारा जास्त पौष्टिक हवा असेल तर अर्धे गवत फुलावर असताना कापावे लागते, बी पिकल्यावर त्यातली प्रथिने झपाट्याने उतरतात. दोन्ही साधायचे तर तिसरा हिस्सा बियांसाठी उभा ठेवा. कुसळी जास्त असलेला भाग मात्र बी टणक होण्याआधी कापलाच पाहिजे. सरदारपूर, सैलाना या बाजूला जमीन असेल तर सप्टेंबर संपेपर्यंत विळा लावू नये. १९८३ साली ही दोन्ही अभयारण्ये खरमोरासाठी झाली. हा पक्षी पावसाळ्यात गवतात जमिनीवरच अंडी घालतो, आणि गवत कापणाऱ्याच्या पायाखाली घरटे येईपर्यंत मादी दिसत नाही.

बाहेरून येणाऱ्या आगीसाठी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, हवीच. मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाल्यावर नरवाई, म्हणजे शेतात उरलेले खुंट, पेटवली जाते. त्यावर बंदीचे आदेश निघतात तरी ती पेटते, आणि बीडाला लागणारी आग बहुतेक तिथूनच येते. जानेवारीअखेर जमिनीभोवती ५ ते ६ मीटर रुंद पट्टा माती दिसेपर्यंत साफ करा. उन्हाळी वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून येतो, म्हणून ती बाजू ८ मीटर ठेवा. नुसते गवत कापून तिथेच टाकलेला पट्टा म्हणजे आगीला घातलेली वात. कापलेले उचला आणि एप्रिलच्या सुरुवातीला पालापाचोळा पुन्हा झाडून काढा. गंजी पट्ट्याच्या आत, पण कडेपासून किमान १५ मीटर दूर, आणि विजेच्या तारांखाली कधीच नको.

आग आलीच तर आधी १०१ ला फोन. सुती कपडे, बंद बूट. पाठीवरचा १५-१६ लिटरचा फवारणी पंप स्वच्छ पाण्याने भरलेला, ओली गोणपाटे आणि पळसाच्या ओल्या डहाळ्या. आगीच्या तोंडासमोर उभे राहू नका. जळून गेलेल्या बाजूने, दोन्ही कुशींवरून दाबत पुढे जा. चढावर आग वेगाने चढते, त्यामुळे तिच्या वरच्या अंगाला थांबायचे नाही.

झुडपे काढणे, गवत परत आणणे

घाणेरी वरून छाटली की दुप्पट फुटते. पहिल्या पावसानंतर माती मऊ झाली की कुदळीने मुख्य मूळ मातीखाली चार-पाच सेंटिमीटरवर तोडा आणि झुडूप उलटे करून वाळत ठेवा, म्हणजे जमिनीला टेकून पुन्हा मूळ धरणार नाही. काळी फळे येण्याआधी हे व्हायला हवे, कारण बुलबुल बी लांबवर नेतात. पुढची दोन वर्षे त्याच जागी फिरून रोपटी उपटा. गाजर गवत जुलैत, फुलाआधी, हातमोजे आणि मास्क घालूनच. विलायती बाभळीच्या शेंगा खाल्लेली गुरे आपल्या तुकड्यात आणायची असतील तर किमान आठवडाभर बाहेर बांधून ठेवा, शेणातून तिचे बी येते.

पळस, हिवर, खैर, बोर यांची जुनी झाडे ठेवा. सावलीला गुरे बसतात, पक्षी येतात. पण आणखी लावायची घाई नको.

पेरणीसाठी बी आपल्याच परिसरातले, ऑक्टोबरमध्ये गोळा केलेले घ्या. ताजे बी लगेच रुजत नाही, जूनपर्यंत कापडी पिशवीत कोरडे राहू द्या. हेक्टरी ४ ते ६ किलो पुरते. बी हलके आणि केसाळ, वाऱ्याने उडते, म्हणून ओली माती आणि शेण यांत कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा. एका सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर उगवत नाही. मारवेलाला दुसरा मार्ग आहे: भर पावसात मुळासकट ठोंब फोडून ५० सेंटिमीटर अंतराने लावा. मेहनत जास्त, पण मर कमी. पेरलेल्या जागेवर पहिले वर्ष गुरे अजिबात नकोत.

तीन मीटरचे चौकोन

सगळ्या जमिनीवर काही बदलण्याआधी लहान तुकड्यावर करून बघा. एकसारख्या दिसणाऱ्या जागी, शेजारी शेजारी, तीन बाय तीन मीटरचे चार चौकोन आखा. पहिला जसा आहे तसा, गुरांना खुला. दुसऱ्याला काट्याची घट्ट वई, आत काहीच करायचे नाही. तिसरा खुला, पण ऑक्टोबरमध्ये कापून गवत बाहेर. चौथ्याला वई आणि कापणीही. दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी प्रत्येकात चौकट टाका, खुंटीवरून एकाच उंचीने फोटो घ्या आणि झुडपांची रोपटी मोजा.

तिसऱ्या वर्षी चौथ्यात मारवेल-पवन्या वाढले आणि तिसऱ्या चौकोनात नाहीत, तर अडचण चराईची. गुरे कमी करा किंवा तारखा बदला. दुसऱ्यात गवत गुदमरून झुडपे उठली पण चौथ्यात नाही, तर जमिनीला कापणी हवी आहे, नुसते कुंपण नको. चारही चौकोन सारखेच राहिले तर पावसाची वही उघडा. तीन वर्षे ओढीची गेली असतील तर अजून दोन वर्षे थांबा. पाऊस चांगला होऊनही फरक नसेल तर तिथे चांगल्या गवताचे बी संपले आहे, येत्या जूनला गोळ्या पेरा.